कोणता राजीनामा?

माझ्या मित्राने मला फसवलं. नागपूरच्या एका मराठी वृत्तवाहिनीत माझी ठरलेली जागा त्याने घेतली, आणि ती घेताना तो एक अक्षरही खोटं बोलला नाही. खोटं बोलला असता तर मी त्याला चार लोकांत धरलं असतं आणि विषय त्याच दिवशी संपला असता. तो खरं बोलला. म्हणून इतकी वर्षं झाली तरी हे प्रकरण माझ्याकडे उघडंच आहे.

मी इथे कुणाचंही नाव लिहिणार नाही. वाहिन्यांचीही नाही. त्यातल्या निम्म्या बंद पडल्या आहेत, उरलेल्यांचे मालक बदलले आहेत. ज्याने हे वाचायला हवं त्याला पहिल्या ओळीतच कळेल.

आधी शब्द सांगतो, कारण सगळं त्या शब्दावरच उभं आहे. राजीनामा. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काही गोंधळ दिसणार नाही. नोकरी सोडायची तर राजीनामा द्यायचा. पण मी जबलपूरचा. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, आणि आमच्या गावाला हायकोर्ट मिळालं. कोर्टाच्या गावात कोर्टाचे शब्द भाजीवाल्याच्याही तोंडात असतात. आमच्याकडच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. दोघं भांडले, ठाण्यात गेले, तारखा पडल्या, मग मिटवून घेतलं, त्याचा जो कागद होतो तो राजीनामा. नोकरी सोडण्याच्या कागदाला हिंदीत इस्तीफा म्हणतात. त्यामुळे जबलपूरच्या मराठी घरात हा एक शब्द दोन नोकऱ्या करतो. माझे वडील कारखान्यात होते. एकदा फोरमनवर चिडून घरी आले आणि म्हणाले, "मी आता राजीनामाच देतो." आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काहून? कोणासंगं भांडले?"

आमचं घर जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात. आजोबा भंडाऱ्याकडून आले, वडील कारखान्यात लागले, आणि मी लग्नांची शूटिंग करत करत बातमीत शिरलो. मला कुणी आणलं नाही. पहिला कॅमेरा मी एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडून तीन महिने रोज जाऊन, रोज त्याच्यात एक नवी खोट काढून घेतला. शेवटी तो म्हणाला, "ले जा भैया, पर अब इस गली में मत आना."

छत्तीसगड वेगळं झाल्यावर भोपाळमध्ये वृत्तवाहिन्यांचं पीक आलं. प्रत्येकीला जबलपुरात एक माणूस हवा होता, पण नोकरीवर नको होता. कॅमेरा आपला, मोटारसायकल आपली, माइकही आपला. वाहिनीची वस्तू एकच असायची. माइकच्या दांड्यावर बसवायचा चौकोनी डबा, त्याच्या चारी बाजूंना वाहिनीचं चिन्ह. त्याला आम्ही आयडी म्हणायचो. माणूस कुठे काम करतो हे कुणी विचारत नसे, "आजकल आयडी किसकी है?" असं विचारत. वाहिनी बदलायची म्हणजे जुना डबा काढून नवा चढवायचा. माइक तोच, माणूस तोच, राइट टाउनमधली चहाची टपरीही तीच. चहावाला तेवढा रंग पाहून म्हणायचा, "अरे वाह भैया, लाल से नीले हो गए!"

मी नऊ वर्षांत चार आयड्या बदलल्या आणि दर वेळी एक पायरी वर गेलो. आधी बातमीमागे पैसे, मग महिन्यावर, मग एका जिल्ह्याऐवजी संभाग, म्हणजे अख्खा विभाग, मग एकदाचा वाहिनीच्या हजेरीपटावर. ज्या घरात आहोत तिथे बढती कुणी देत नाही. ती शेजारच्या दारातून आत जाऊन घ्यावी लागते. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मला त्याची लाजही नाही. लाज त्यांना वाटावी, ज्यांच्या पडद्यावर निष्ठेची भाषणं चालतात आणि निवेदक दर सहा महिन्यांनी दुसरीकडे दिसतात.

आता मित्र. तो नेपियर टाउनचा. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात चाकरीला आलेलं. आजोबा मास्तर, वडील मोठे अधिकारी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्याकडे दुसऱ्या हिंदी वाहिनीची आयडी होती, म्हणजे कागदोपत्री आम्ही प्रतिस्पर्धी. पण जबलपूरच्या टीव्हीवाल्यांत आम्ही दोघंच मराठी होतो आणि त्याचा आम्ही धंद्यात उपयोग करायचो. वीस कॅमेरे एखाद्या पुढाऱ्यासाठी पुढच्या दाराशी टपून असले की तो माझ्याकडे न बघताच म्हणायचा, "मागच्या जिन्याने उतरून राहिला तो." मी लघवीला जातो असं दाखवून मागे जायचो. पाच मिनिटांनी तोही. दुसऱ्या दिवशी टपरीवर हिंदीवाले म्हणायचे, "तुम मराठी लोग आपस में क्या खुसुर-पुसुर करते हो?" तो म्हणायचा, "घर की बात है, भैया." आणि ती घरचीच होती. मी ज्या भाषेत त्याच्याशी बोललो त्या भाषेत मी इतर कुणाशी व्यवहार केला नाही. म्हणून त्या भाषेत भाव करायची सवय मला लागली नाही. ही माझी चूक, आधीच कबूल करतो.

आई माझ्या बातम्या बघायची, पण कौतुकाने नाही. मी पडद्यावर हिंदीत बोलू लागलो की ती म्हणायची, "हा कोण होय? आपल्या घरातला तं वाटत नाही." एकदा म्हणाली, "आपल्या भाषेत बोलनारा डब्बा नाही भेटत का तुले?" मी हसलो. पण ते डोक्यात राहिलं.

नागपूरचं प्रकरण झालं त्या वर्षी माझ्यावर एक केस होती. एका मंत्र्याची पत्रकार परिषद होती. टेबलावर सगळ्यांचे माइक जुडी करून ठेवलेले, आयड्या कॅमेऱ्यांकडे. हा आमच्यातला अलिखित कायदा. पुढची असो की मागची, कुणाच्या आयडीचं तोंड फिरवायचं नाही. मी सॉकेट शोधायला वाकलो तेवढ्यात एका वाहिनीच्या कॅमेरामनने माझा डबा असा वळवला की त्याची कडा तेवढी दिसावी, आणि समोर त्याची आयडी आली. मला ते दहा मिनिटांनी भोपाळच्या फोनवर कळलं: "अपनी आयडी कहाँ है? दिख ही नहीं रही!" परिषद संपली. मी डबा उपसला आणि त्याच्या तोंडावर मारला. डबा हलका असतो, पण त्याला कोपरे असतात. भुवईवर दोन टाके पडले. तो ठाण्यात गेला, मारहाणीचा गुन्हा लागला, तारखा सुरू झाल्या.

सगळे म्हणाले, राजीनामा करून टाक. मी म्हणालो, करतो, पण आधी त्याने म्हणावं की आयडी मी फिरवली. तो म्हणायचा, आयडी आपोआप फिरली. पाच महिने झाले, मीही हटलो नाही आणि तोही हटला नाही. दादा मला समजवायचा, "अरे यार, एक कागद आहे, सही कर आणि मोकळा हो. तुझा राग तुला एक दिवस महाग पडणार."

अशात नागपूरची जागा निघाली. एका मराठी वाहिनीला नागपूर केंद्रासाठी मध्य प्रदेश बघणारा माणूस हवा होता. मराठी बोलणारा, हिंदी समजणारा, हायकोर्टाच्या गावात बसणारा. हे मला दादानेच सांगितलं. तेही इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी एकाच बाजूने लिहितो असं कुणी म्हणायला नको. मी विचारलं, "दादा, तुम्ही काहून नाही जात?" तो म्हणाला, "मी इथेच बरा आहे. तुझी भूक मोठी आहे, तू जा."

मुलाखतीला नागपूरला जायचं तर एक दिवस सुट्टी हवी. भोपाळच्या प्रमुखाला खरं सांगता येत नव्हतं आणि मला आजारपणाचा बहाणा आवडत नाही, तो पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही. टपरीवर उभं राहून मी त्याला फोन लावला आणि म्हणालो, "सर, कल का दिन चाहिए. राजीनामे के सिलसिले में जाना है."

पलीकडून तो खूश होऊन म्हणाला, "बहुत बढ़िया! निपटाओ यार उस लफड़े को. दो दिन ले लो."

दादा शेजारी उभा होता. फोन ठेवला तेव्हा त्याच्या हातातला चहा शर्टावर सांडला होता, इतका तो हसत होता. मी म्हणालो, "खोटं कुठं बोललो, दादा? राजीनाम्यासाठीच तर जाऊन राहिलो." त्याने टाळीसाठी हात पुढे केला. "तू वकील व्हायला पाहिजे होता रे. एकाच शब्दात सुट्टी पण घेतली अन् नोकरी पण सोडली!"

ही टाळी लक्षात ठेवा. मी ठेवली आहे.

सिवनीमार्गे बसने गेलो. केंद्राच्या प्रमुख एक बाई होत्या, पुण्याच्या. बोलणं स्वच्छ, हसणं मोजकं. त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि जबलपूरवर एक मिनिट बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "लोक आता प्रश्न विचारून राहिले." त्यांनी हात वर केला. "विचारतायत, म्हणा." मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा 'राहिले' वर येऊन पडलो. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "असू दे. तिकडचा माणूस तिकडचाच वाटायला हवा." हिंदी वाहिन्यांवर नऊ वर्षं मी मराठी असल्याचं कुणाला ऐकू येऊ दिलं नव्हतं. मला त्यांचं ते वाक्य फार आवडलं. पण आवडलं हे दाखवलं नाही.

त्या म्हणाल्या, "प्रतिनिधी, मध्य प्रदेश. आजपासून ठरलं समजा."

मी म्हणालो, "विशेष प्रतिनिधी."

"ते पद केंद्रात एकालाही नाही."

"म्हणूनच मागतो आहे."

पगाराचा मी उच्चारही केला नाही. पगार पदाच्या मागे चालत येतो. आधी पगार मागितला तर पद मागेच राहतं. त्यांनी 'विशेष' हा शब्द कागदावर लिहून घेतला. मग म्हणाल्या, "विशेषचं मुंबईला विचारावं लागेल. पण एक स्पष्ट सांगते. आमच्याकडे लोक नेमणुकीचं पत्र घेऊन जातात, ते जुन्या ठिकाणी दाखवतात आणि तिथेच बढती घेऊन बसतात. दोनदा हात पोळलेत माझे. तुमचा राजीनामा झाल्याशिवाय मी पत्र काढणार नाही." माझ्याबद्दल विचारता येईल अशा दोघांचे नंबर त्यांनी मागितले. पहिला मी दादाचा लिहिला.

जबलपूरला परत आलो आणि चौथ्या दिवशी भोपाळला इस्तीफा पाठवला. पत्र हातात नसताना नोकरी सोडायची नाही हा माझा नियम. तो मी त्या एकाच वेळी मोडला, तेही मराठीत बोलायला मिळणार म्हणून. आयडी पुठ्ठ्यात बांधून बसने भोपाळला रवाना केली. माइक उघडा पडला. डब्याशिवाय माइक कसा दिसतो हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. नुसता एक दांडा.

आता माझी खरी चाल. इस्तीफा दिला हे मी नागपूरला कळवलं नाही. कळवलं असतं तर 'विशेष' हातातून गेलं असतं. ज्याने आधीच घर सोडलं आहे त्याला भाडं वाढवून कोण देतं? मुंबईहून होकार यायचा होता. तो येईपर्यंत बाईंना वाटायला हवं होतं की हा माणूस अजून दुसऱ्याचा आहे, सुटूही शकतो. त्यांचे फोन येऊ लागले. मी दोन दिवस उचलले नाहीत. दोन दिवस फोन वाजू दिला की समोरचा तिसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरतो, हे मी आधी चार वेळा करून पाहिलं होतं.

इस्तीफा दिल्याचं जबलपुरात फक्त दादाला ठाऊक होतं. मीच त्याला टपरीवर सांगितलं आणि म्हणालो, "नागपूरवाल्यांना कळू देऊ नका हं, दादा." तो म्हणाला, "चलो, मी कशाला सांगू?"

तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. बाईंचा आवाज थंड होता. "जागा भरली."

मी म्हणालो, "असं कसं? ठरलं होतं आपलं."

"तुमचा राजीनामा झाल्यावर ठरणार होतं. तुम्ही फोन घेत नव्हता, म्हणून तुम्ही दिलेल्या नंबरवर मी विचारलं. तुमचे मित्रच म्हणाले, राजीनामा अजून झालेला नाही. मला तेवढं पुरे होतं. तिसऱ्यांदा हात पोळून घ्यायचा नव्हता."

मी म्हणालो की झाला आहे, आठवडा झाला, कागद दाखवतो. त्या म्हणाल्या, "मग सांगायचं होतं ना. लपवलं का?" याला माझ्याकडे जे उत्तर होतं ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी मी विचारलं, जागा कुणाला दिली. त्यांनी दादाचं नाव घेतलं.

मी फोन ठेवला आणि सरळ टपरीवर गेलो. सकाळची वेळ, जिलेबीची कढई चढलेली, पाच-सहा टीव्हीवाले उभे. दादा तिथेच होता. पळाला नव्हता, हे मान्य करतो.

मी म्हणालो, "राजीनामा नाही झाला म्हणून सांगितलं तुम्ही?"

तो म्हणाला, "हो. नाही झाला ना? कुठं झाला? अजून तारीख चालूच आहे तुझी."

"कोणती तारीख?"

"अरे, कोर्टाची. तुझी ती भुवईची केस. बाईंनी विचारलं, 'त्यांचा राजीनामा झाला का?' मला वाटलं केसबद्दल विचारून राहिल्या. मी म्हटलं, नाही झाला, अजून अडून बसला आहे."

"त्यांना केस माहीत होती?"

"ते मला काय माहीत? तूच सांगितली असशील."

"मी कशाला सांगीन?"

"तुझं काय सांगावं. रागात तू काहीही सांगतो."

हिंदीवाले जिलेबी खायची थांबले होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण चेहरे कळत होते. एकजण म्हणाला, "क्या हुआ, आज घर की बात बाहर हो रही है?" दादा त्याला म्हणाला, "कुछ नहीं भैया, शब्द का झगड़ा है."

मी त्याला मारलं नाही. माझ्या हातात डबा नव्हता. ही विनोदाची गोष्ट नाही, खरोखर तसंच झालं. हात उठला आणि माझ्या लक्षात आलं की हातात काही नाही.

मी एवढंच विचारलं, "अन् जागा? ती पण केसचीच समजले का?"

तो खाली बघून म्हणाला, "बाई म्हणाल्या, तुम्हीच या. मी काय म्हणणार होतो? मला पण पंधरा वर्षं झाली इथे, राजा."

पुढच्या सोमवारी तो नागपूरला रुजू झाला. नंतर मुंबईला गेला. दर दोन वर्षांनी आयडीचा रंग बदलत वर चढला. याचाही दोष मी त्याला देत नाही. चढायचा रस्ता तोच आहे, मीही त्याच रस्त्याने चाललो होतो. भोपाळने मला परत घेतलं नाही. त्या प्रमुखाला नंतर माझा 'राजीनाम्याचा' विनोद कुणीतरी समजावून सांगितला होता. चार महिने मी बिनआयडीचा हिंडलो. मग इथेच केबलवर स्वतःच्या बातम्या सुरू केल्या. आज माझ्याकडे सात माणसं आहेत. दर वर्षी दोन तरी भोपाळला किंवा दिल्लीला निघून जातात. मी अडवत नाही, मात्र प्रत्येकाशी तासभर हुज्जत घालतो, कारण फुकट सोडलेल्या माणसाला पुढेही फुकटच धरतात. आमच्याकडे जाण्याच्या अर्जावर इस्तीफा लिहावं लागतं. दुसरा शब्द चालत नाही. नवीन मुलगी आली की विचारते, "सर, ऐसा क्यों?" जुने तिला खुणेने गप्प करतात.

केसचं काय झालं तेही सांगतो. टपरीवरच्या त्या सकाळनंतर महिन्याभराने तारखेला तो कॅमेरामन कोर्टाच्या आवारात माझ्याजवळ आला. भुवईत एक पांढरी रेघ राहिली होती. म्हणाला, "भैया, छोड़ो. आयडी मैंने ही घुमाई थी. नौकरी का सवाल था, नया था मैं." मी म्हणालो, "इतना ही बोलना था, सात महीने से." आम्ही दोघांनी सह्या केल्या, राजीनामा झाला, आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. तो आज माझ्याकडेच कॅमेरा चालवतो. अजूनही टेबलावर आयडी ठेवताना तो आधी माझ्याकडे बघतो.

मीही दादाचं प्रकरण कदाचित सोडून दिलं असतं. 'गैरसमज झाला' हे मी अर्धंमुर्धं पचवायला शिकलो होतो. आई तर रोज संध्याकाळी त्याची वाहिनी लावायची. "बोलते मस्त," म्हणायची. "आपल्या गावचा हाय." मी बातम्यांच्या वेळी छतावर जायचो.

सहा-सात वर्षांनी तो नेपियर टाउनचं घर विकायला आला आणि आईला भेटायला दुपारी कांचघरला आला. आईने त्याच्यासाठी पोहे केले. ती त्याला म्हणाली, "तू दिसला का मले वाटते, आपल्या घरचंच कोनी बोलून राह्यलं." तो वाकून तिच्या पाया पडला. पोह्यांच्या वेळी मी भांडत नाही.

दारापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा त्यानेच विषय काढला. चप्पल घालता घालता म्हणाला, "तुझ्या मनात अजून ते आहे ना? पण एक लक्षात घे. तूच म्हणाला होतास, नागपूरवाल्यांना कळू देऊ नका. मी तुझाच शब्द पाळला. बाईंनी विचारलं, मी म्हटलं नाही झाला. दुसरं काय सांगायला पाहिजे होतं मी?"

एवढं बोलून तो ऑटोत बसला आणि गेला. ऑटो वळणावर पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं. आईने आतून हाक मारली, "गेला का?"

टपरीवर तो म्हणाला होता, त्याला केसचा राजीनामा ऐकू आला. दारात म्हणाला, त्याने माझं गुपित राखलं. गुपित राखायचं तर बाई नोकरीबद्दल विचारतायत हे कळायला हवं. आणि केसबद्दल विचारतायत असं वाटलं, तर गुपिताचा प्रश्नच कुठे येतो? दोन्ही कारणं चांगली आहेत. त्यातलं कोणतंही एक दिलं असतं तर मी हरलो असतो, कारण पहिल्यात नुसती चूक आहे आणि दुसऱ्यात दोष माझा आहे. माझ्या चालीनेच मला खाल्लं, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण त्याने दोन्ही दिली, आणि दोन्ही एका माणसाच्या एका क्षणात मावत नाहीत.

त्या बाई आता कुठल्या वाहिनीत आहेत मला माहीत नाही. विचारलं तरी त्यांना तो फोन आठवणार नाही. त्यांच्यासाठी तो एका जागेचा विषय होता. म्हणजे सांगू शकेल असा माणूस एकच उरतो.

दादा, मी जागा परत मागत नाही. ती वाहिनीही आता राहिली नाही. तुमचं मुंबईचं जे काही आहे ते तुम्ही कमावलं, तेही मागत नाही. एका नवख्या कॅमेरामनने कोर्टाच्या आवारात, भुवईवर माझ्याच हातची खूण घेऊन, मान वर करून सांगितलं की आयडी मी फिरवली. तुम्ही तर मास्तरांच्या घरातले. शब्दाचे दोन्ही अर्थ तुम्हाला ठाऊक होते, माझ्या हातावर टाळी देऊन हसला होता तुम्ही, शर्टावर चहा सांडला होता. तेव्हा मला भाव करायचा नाही आणि तिसरं कारणही ऐकायचं नाही. दिलेल्या दोनांपैकी एक निवडा, आणि मराठीत सांगा: बाईंनी विचारलं त्या वेळी तुम्हाला कोणता राजीनामा ऐकू आला?